पुरेसं हळू

मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. टँकर आला की नमुना घ्यायचा, लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुलायचा थांबला की डोळे दुधाच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. वीस वर्षं हेच करतेय. मोटारींच्या शर्यतीशी माझा काही संबंध यावा असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमच्या पॅकिंग विभागातले एक सहकारी दर थंडीत इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर होणाऱ्या शर्यतीला मदत करायला जायचे. एकदा डबा खाताना ते म्हणाले, "ताई, झेंड्यावर माणूस कमी पडतोय. तुमची नजर चांगली आहे. येता का?"

नवरा हसला. आई म्हणाली, "रविवारची वंदना चुकवून गाड्या बघायला जाणार व्हय?" विहारातली रविवारची वंदना मी सहसा चुकवत नाही. पण त्या आठवड्यात का कोण जाणे, मला कुठंतरी मोकळ्यावर उभं राहावंसं वाटत होतं. मी हो म्हणाले.

आदल्या दिवशी दुपारी माळावर आम्हा झेंडेवाल्यांना शिकवायला स्पर्धाप्रमुख आले. पूर्वी ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांनी एकेक झेंडा उलगडून दाखवला. लाल म्हणजे सगळं थांबवा. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. आणि पिवळा हलवला की पुढं धोका आहे, वेग कमी करा, कुणाला ओलांडू नका, वेळ पडली तर थांबायची तयारी ठेवा.

मी विचारलं, "वेग किती कमी करायचा?"

"पुरेसा," ते म्हणाले.

"म्हणजे किती?"

त्यांनी झेंड्याची घडी घातली आणि हसून म्हणाले, "ते तुम्हाला दिसेल."

माझी जोडी लावली होती तात्यांशी. तात्या सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उसाच्या गाड्या मोळ्या टाकायच्या गव्हाणीपाशी आल्या की हातात फडकं घेऊन एकेक ट्रॅक्टर मागं घ्यायचा, इंचाइंचानं लावून घ्यायचा, हे त्यांनी जन्मभर केलेलं. अंगानं सुकलेले, पण पाय तुरुतुरु चालायचे. आम्हाला चौथं वळण मिळालं. माळाच्या उताराला, पाण्याच्या एका कोरड्या पाटाच्या, म्हणजे चारीच्या अलीकडं हे वळण होतं. बाहेरच्या बाजूनं जुने टायर रचलेले, आतल्या बाजूनं फक्कीची पांढरी रेघ.

रविवारी सकाळी पोचलो तेव्हा माळावर धुकं होतं. उजनीच्या पाण्याकडून ते येतं आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाही. चार हातांवरचा टायरांचा ढीगसुद्धा बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. पाण्याचा टँकर मुरमावर पाणी शिंपडत फिरत होता. तो दिसत नव्हता, नुसता त्याचा फवारा ऐकू यायचा, जवळ यायचा, मग लांब जायचा. ओल्या मुरमाचा वास सुटला होता. मी झेंडा काखेत धरून उभी होते आणि मला झोप आणि जाग यांच्या मधोमध असल्यासारखं वाटत होतं. तात्यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला.

"थंडी हाय आज," ते म्हणाले.

"हो ना."

बस, एवढंच. अर्धा तास आम्ही दुसरं काही बोललो नाही. कुणाबरोबर इतकं गप्प उभं राहून मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं.

धुकं वितळल्यावर पात्रता फेरी सुरू झाली. म्हणजे खरी शर्यत दुपारी, त्याआधी कोण कुठल्या रांगेत उभं राहणार ते ठरवायचं. चार-चार गाड्या थोड्या थोड्या अंतरानं सोडायच्या, ठरावीक वेळेत त्यांनी हवे तेवढे फेरे मारायचे आणि ज्याचा एक फेरा सगळ्यांत जलद तो पहिल्या रांगेत. त्यामुळं प्रत्येकाला तो एकच सुंदर फेरा हवा असतो. हे मला तात्यांनी सांगितलं. ते तीन वर्षं येत होते.

दुसऱ्या गटात एक डॉक्टर बाई होत्या. बारामतीत त्यांचा दातांचा दवाखाना आहे. सगळ्या स्पर्धेत गाडी चालवणाऱ्या बाई त्या एकट्याच. सकाळी त्या आम्हा प्रत्येकापाशी येऊन नमस्कार करून गेल्या होत्या. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही झेंड्यावर आहात हे बघून इतकं बरं वाटलं!" करड्या रंगाची जुनी छोटी गाडी, तिचं सामान त्यांनी स्वतः उतरवून हलकी केलेली. मला त्या मनापासून आवडल्या. त्या पहिल्या याव्यात असंही मला वाटायला लागलं होतं, हे कबूल करते.

गटाच्या मधल्या फेऱ्यात एक निळी गाडी आमच्या वळणावर आली आणि वळलीच नाही. टायरांचा ढीग उधळून ती सरळ गेली आणि नाक खाली घालून चारीत उतरली. आवाज फार मोठा झाला नाही. नुसता एक धप्प. मागचं एक चाक हवेत फिरत राहिलं.

"झेंडा!" तात्या ओरडले आणि ते ओरडेपर्यंत चारीकडं निघालेसुद्धा होते.

मी पिवळा झेंडा दोन्ही हातांनी हलवायला लागले. वॉकीटॉकीवर सांगितलं, चौथं वळण, गाडी चारीत, माणूस आत. आतला तरुण दार ढकलत होता, ते उघडत नव्हतं. तात्या खिडकीतून अर्धे आत वाकले होते. त्यांची पाठ रस्त्याकडं होती आणि रस्त्याच्या कडेपासून ते फार तर चार पावलांवर होते.

पहिली आली एक पांढरी गाडी. लांबूनच तिचा आवाज उतरला आणि ती बैलगाडीसारखी हळूहळू वळणावरून गेली. चालवणाऱ्यानं हात वर करून झेंडा पाहिल्याची खूणही केली.

मग करडी आली.

आवाज उतरला. ते मला स्पष्ट आठवतं. एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ उतरला आणि पुन्हा चढला. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा वारा माझ्या तोंडावर आला. आणि मागं धुरळा उठला. इथला मुरूम वरून ओला असला तरी कडेचा कोरडाच होता. तांबूस, मऊ, उन्हानं उजळलेला धुरळा. त्यात चारी गेली, निळी गाडी गेली, तात्या गेले. मी झेंडा हलवत होते आणि माझ्यासमोर काहीच नव्हतं. किती वेळ गेला असेल? पाच-सात सेकंद असतील. पण माझ्या मनात तेवढ्या वेळाची लांबी वेगळीच आहे. मला वाटलं, मी कुठल्यातरी जुन्या दुपारी उभी आहे, हातात काहीतरी फडफडतंय, आणि मी कुणाचीतरी वाट पाहतेय, पण कुणाची ते आठवत नाहीये. कुठलाही आवाज नव्हता. धुरळ्याचे कण इतक्या सावकाश खाली येत होते की ते मोजता आले असते.

आणि त्यातून आधी तात्यांची टोपी दिसली, मग खांदे. ते होते तिथंच होते, खिडकीत वाकलेले.

निळ्या गाडीतल्या तरुणाचं मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. त्याला रुग्णवाहिकेतून नेलं. फेरी संपली. वेळांची यादी लागली. डॉक्टरांचा सगळ्यांत जलद फेरा नेमका तोच, झेंडा हलत असतानाचा होता.

पांढऱ्या गाडीवाल्यानं तक्रार केली. मला मांडवात बोलावलं. टेबलामागं स्पर्धाप्रमुख आणि दोन पंच, एका बाजूला डॉक्टर, हेल्मेट मांडीवर.

"मी पाय उचलला होता," डॉक्टर सांगत होत्या. "ब्रेकलाही हात... म्हणजे पाय लावला. तेवढ्या भागात माझा वेळ गेलाच. पण ट्रॅकवर नुकतंच पाणी मारलं होतं, पकड चांगली होती, म्हणून बाकीचा फेरा जलद झाला. त्यात माझा काय दोष?"

प्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही काय बघितलं?"

"त्यांनी पाय उचलला," मी म्हणाले. "आवाज उतरला होता."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पण पुरेसं हळू नव्हतं," मी म्हणाले.

"कशावरून?" एका पंचानं विचारलं. साधाच प्रश्न होता. माझ्याकडं आकडा नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी निकाल विचारत होतं आणि वाचायला समोर काही नव्हतं.

"धुरळ्यावरून," मी म्हणाले. "पांढऱ्या गाडीचा धुरळा गुडघ्याएवढा उठला आणि बसला. यांचा तात्यांच्या डोक्यावरून गेला. मला तात्या दिसेनासे झाले होते. तेव्हा मागून आणखी एक गाडी आली असती तर तिलाही ते दिसले नसते."

डॉक्टरांचा तो फेरा रद्द झाला. बाकीचे फेरे संथ होते, त्यामुळं दुपारी त्या शेवटच्या रांगेतून सुटल्या आणि पाचव्या आल्या. निघताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, पाहायचं धाडस झालं नाही.

घरी आले तर केसांतून, कानांतून धुरळा निघत होता. पुढचे काही दिवस मी कामावर होते पण तिथं नव्हते. लॅक्टोमीटर दुधात डुलत राहायचा आणि मी त्याच्याकडं बघत राहायचे. आपण एका माणसाचा सुंदर फेरा पुसून टाकला. तोही ज्या माणसानं जिंकावं असं आपल्यालाच वाटत होतं त्याचा. त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. पाय त्यांनी उचलला होताच. मग मी काय पाहिलं होतं? रात्री नवऱ्याला विचारलं, "समजा रस्त्यात ढोरं आहेत, तू गाडी हळू करतोस. किती हळू करतोस?" तो म्हणाला, "मला हळू वाटेल इतकी." हे उत्तर मला कितीतरी दिवस पुरलं.

दोन-तीन आठवड्यांनी पाळी सुटली तेव्हा कारखान्याच्या फाटकाबाहेर मोटरसायकलींच्या गर्दीपलीकडं डॉक्टर उभ्या होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "भांडायला नाही आले."

"मला वाटलंच नव्हतं तसं," मी म्हणाले. खोटं बोलले.

"मला त्या वळणावर पुन्हा जायचंय. तुम्ही येता का? आणि ते तात्या येतील का?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या रोजच्या गाडीतून निघालो. तात्यांना आधी उलट दिशेला कोऱ्हाळ्यात जाऊन त्यांच्या लेकीकडून घेतलं. ते मागं बसले आणि दोन्ही बाजूंचा ऊस बघत राहिले. ऊस तुटायला आला होता, तुरे निघाले होते, आणि सकाळच्या उन्हात ते तुरे असे चमकत होते की रस्ता पाण्यातून चालल्यासारखा वाटत होता.

माळावर काहीच नव्हतं. टायर उचलून नेलेले, मांडव गेलेला. फक्कीची रेघ कुठंकुठं राहिली होती. दोन शेळ्या चारीत उतरून काहीतरी खात होत्या. चारीच्या काठावर गाडी घासल्याची खूण मात्र अजून होती, आणि तिच्यावरून डॉक्टरांनी बरोबर जागा शोधली.

"तात्या, तुम्ही इथं होता?"

"व्हय. जरा अलीकडं. हां, हितंच."

डॉक्टर तिथं उभ्या राहिल्या, रस्त्याकडं पाठ करून. "ताई, तुम्ही गाडी चालवा. साठनं जा."

"साठनं मी नाही जाणार," मी म्हणाले. "तुम्ही उभ्या असताना तर नाहीच."

"मग पन्नास?"

"चाळीस," मी म्हणाले. तेसुद्धा माझ्या दृष्टीनं जास्तच होतं.

मी गाडी लांब नेली, वळवली, आणि चाळीसनं वळणाकडं आणली. आतून ते काहीच वाटत नव्हतं. गावातल्या रस्त्यावरून जावं तसं. डॉक्टर समोर लहानशा दिसत होत्या, मग मोठ्या झाल्या, आणि मी त्यांच्या शेजारून जायच्या आत त्या उडी मारून चारीत उतरल्या. शेळ्या पळाल्या.

मी थांबले. त्या चारीत उभ्या राहून हसत होत्या, पण चेहरा पांढरा पडला होता.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "तीसनं."

तीसला त्या जागेवर राहिल्या, पण खांदे कानांपर्यंत वर गेले. वीसला त्यांनी डोळे मिटले होते, शेजारून जाताना मला बाजूनं दिसले. मग मी पहिल्या गियरमध्ये, सायकल जावी तशी गेले, तेव्हा कुठं त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

त्या काठावर खाली बसल्या. मीही गाडी बंद करून शेजारी बसले. माळावर इतकी शांतता होती की इंजिन थंड होताना टिकटिक वाजत होतं तेही ऐकू येत होतं.

"त्या दिवशी मी सत्तरनं तरी गेले असेन," त्या म्हणाल्या. "नव्वदवरून सत्तरला आले होते ताई. आत बसल्यावर सत्तर म्हणजे उभंच राहिल्यासारखं वाटतं. मला खरंच वाटलं होतं मी खूप हळू गेले. मी खोटं नव्हते बोलत."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. आणि त्या क्षणी ते खरंच माहीत झालं.

त्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या शेळ्या परत कुठं गेल्या ते बघत होते.

"तात्या, मी मागून गेले तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

"मला ठावंच न्हाय वो," तात्या म्हणाले. "त्या गड्याचा पट्टा अडाकला हुता. त्यो सोडवत हुतो. तुमी कवा आला, कवा गेला, काय बी कळलं न्हाय."

"आवाज तरी आला असेल?"

"आला असंल. पण मागचं मी बघतच न्हाय. मागं ही बाई हाय म्हनल्यावर आपुन कशाला बघायचं? झेंडा हाय की तिच्या हातात."

हे ते इतकं सहज म्हणाले, जणू हवापाण्याचं बोलावं. डॉक्टर खाली बघायला लागल्या. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. त्या दिवशीचा तो तांबूस धुरळा, त्यात मला न दिसलेले तात्या, आणि त्यांनी निश्चिंतपणे माझ्यावर सोपवलेली ती पाठ. मी तेव्हा किती वेळ झेंडा हलवत होते, कुणासाठी, हे मला आता, त्या ओसाड माळावर बसल्यावर कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची लाजही वाटली नाही.

परत येताना डॉक्टर म्हणाल्या, "ज्याला त्याला पुरेसं किती ते ठरवायला सांगितलं की हे असंच होणार. मलाच सांगितलं तर मी पुन्हा तेच करेन. फेरा चांगला चाललेला असला की पाय उचलवतच नाही. उचलला तरी थोडाच."

"मग?"

"फेराच काढून घ्यायचा. पिवळा हलला की त्या फेऱ्याची वेळ धरायचीच नाही. कुणाचीच नाही. मग घाई कशाला करेल कुणी?"

त्यांनी स्पर्धाप्रमुखांना तसं पत्र लिहून दिलं. सोपं गेलं नाही. पुढच्या मोसमाआधी बारामतीत एका हॉटेलात बैठक झाली, मीही गेले होते. एकजण म्हणाला, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आम्ही का भोगायची? तसं तर कुणीही मुद्दाम गाडी घसरवेल आणि बाकीच्यांचे फेरे घालवेल. दुसरा डॉक्टरांना म्हणाला, "तुमचा फेरा गेला म्हणून आता सगळ्यांचे घालवताय होय?" त्यांचा चेहरा लाल झाला, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, माझा गेला म्हणूनच मला कळलं. तुम्ही एकदा माझ्याबरोबर माळावर चला. मी गाडी चालवते, तुम्ही पाठ करून उभे राहा." तो काही गेला नाही. पण स्पर्धाप्रमुख गेले, एका ड्रायव्हरला घेऊन, आणखी कुणाला न सांगता. नंतर त्यांनीच ते मला सांगितलं. ते किती वेगाला चारीत उतरले ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. नियम झाला. ज्याचा फेरा असा जाईल त्याला शेवटी एक जादा फेरा मिळेल, अशी पुरवणी जोडून.

त्या थंडीत मी पुन्हा गेले. या वेळी आम्हाला दुसरं वळण मिळालं होतं, बाभळींच्या बाजूचं. ऊन चांगलं वर आलं होतं. तिसऱ्या गटात एक गाडी गरकन फिरली आणि रस्त्याकडं तोंड करून बंद पडली. तात्या धावले. मी झेंडा हलवायला लागले.

मागच्या गाड्या आल्या. एकेकीचा आवाज लांबूनच खाली उतरत गेला, उतरतच राहिला, आणि त्या एकामागून एक, लग्नाच्या वरातीतल्यासारख्या, माझ्यासमोरून गेल्या. धुरळा चाकांच्या वर उठलाच नाही. पहिल्यांदाच मला हेल्मेटच्या आतले डोळे दिसले, एकेकाचे वेगळे. बाभळीत कुठलातरी पक्षी बोलत होता, तो गाड्या जात असताना थांबला नाही. सगळा माळ जणू पाण्याखाली होता आणि आम्ही सगळे त्यात सावकाश हलत होतो.

शेवटची गाडी तात्यांपाशी येऊन जवळजवळ उभीच राहिली. चालवणाऱ्यानं हेल्मेटची काच वर केली आणि मान बाहेर काढून विचारलं, "लागलं नाही ना कुणाला?"

"न्हाय, न्हाय," तात्या मागं न बघता म्हणाले. "जा तुमी म्होरं."